वाचकांचे प्रश्न: की दाबली की नक्की काय रेकॉर्ड होतं?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय जास्त आलाय, कॉम्प्युटरमधली सॉफ्टवेअर वाद्यं वापरून इलेक्ट्रॉनिक म्युझिक रेकॉर्ड कसं करायचं. सगळेच "मी अगदी नवशिका आहे" असं लिहितायत पण प्रश्न चांगले नेमके आहेत. थोडी काटछाट केलीये, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, मी २५ कीजचा छोटा यूएसबी कीबोर्ड घेतलाय, सॉफ्टवेअर पण टाकलंय, त्यातले सिंथ (सिंथेसायझर) वगैरे मस्त वाजतात. आता रेकॉर्ड करायचं तर स्पीकरसमोर माइक ठेवू का ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागेल? आणि रेकॉर्डचं बटण दाबून बघितलं तर ट्रॅकवर त्या लाटा दिसायच्या ऐवजी नुसत्या बारीक बारीक पट्ट्या दिसतात, काही चुकतंय का माझं?

काही चुकत नाहीये, उलट हे असंच दिसायला हवं. त्या पट्ट्या म्हणजे मिडी. तू की दाबतेस तेव्हा तुझा कीबोर्ड आवाज पाठवतच नाही, तो नुसता निरोप पाठवतो की अमुक नंबरची की दाबली, इतक्या जोरात दाबली आणि आता सोडली. मधला सी म्हणजे नंबर ६०, जोर १ ते १२७ मध्ये मोजायचा, की सोडली की दुसरा निरोप. इतकंच. हे सगळं १९८३ साली ठरलं, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोन सिंथ बनवणाऱ्यांच्या पुढाकाराने, आणि गंमत म्हणजे दोघांच्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या, तरी त्या वर्षी एका प्रदर्शनात स्मिथच्या सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि काकेहाशीच्या रोलंडचा ज्युपिटर-६ हे सिंथ केबलने जोडून दाखवले, इकडची की दाबली की तिकडचा सिंथ वाजतोय. तुझ्या यूएसबी कीबोर्डमधून आजही जवळपास तेच निरोप जातायत.

आवाज बनतो तो कॉम्प्युटरच्या आत, सॉफ्टवेअर वाद्यामध्ये. म्हणून माइक नको. इंटरफेस, म्हणजे माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा, पण लगेच नको, तो लागतो गायचं असेल किंवा गिटार लावायची असेल तेव्हा, किंवा कॉम्प्युटरच्या स्वतःच्या साउंड कार्डाने फारच त्रास दिला तर (त्याबद्दल खालच्या प्रश्नात येतंच आहे).

याचा अर्थ नीट लक्षात घे कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. तू रेकॉर्ड करतेस ती नाटकाची संहिता, प्रयोग नाही. संहिता तीच ठेवून नट बदलता येतो, म्हणजे पियानोवर वाजवलेली ओळ तू बेसला दे, घंटीसारख्या सिंथला दे, एकही नोट परत न वाजवता. एखादी नोट चुकली तर तेवढीच पट्टी वरखाली सरकव. हात चालत नसेल तर टेम्पो १२० वरून ८० वर आण, आरामात वाजव, मग परत १२० कर, सूर बदलत नाही, नुसतं फास्ट होतं. हे लबाडी वाटतं का काही लोकांना, वाटू दे, इलेक्ट्रॉनिक म्युझिकमध्ये सीक्वेन्सर नावाचं यंत्र पहिल्यापासून हेच करत आलंय.

रेकॉर्ड करताना एवढं बघ: ट्रॅक ऑडिओचा नाही तर इन्स्ट्रुमेंटचा किंवा मिडीचा घेतलाय ना, त्यावरचं रेकॉर्डचं लाल बटण चालू आहे ना, मेट्रोनोम चालू आणि आधी एक बार (चार बीट) मोजून देण्याची सोय, म्हणजे काउंट-इन, चालू. आणि एक सोय जिचं नाव बऱ्याच जणांना माहीतच नसतं, एबल्टन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर, क्यूबेसमध्ये रेट्रोस्पेक्टिव्ह रेकॉर्ड, लॉजिकमध्ये पण आहे. रेकॉर्ड न दाबता सहज वाजवत होतीस आणि काहीतरी झकास वाजून गेलं, तर ते मागे जाऊन पकडता येतं. मला विचारशील तर हे बटण शोधून ठेवणं बाकी शंभर ट्यूटोरियलपेक्षा महत्त्वाचं, कारण लाल बटण दाबलं की माणूस आखडतो आणि नुसता खेळत असतो तेव्हाच बरं वाजवतो.

प्रश्न: की दाबली की आवाज चक्क उशिरा येतो, अर्धी मात्रा निघून जाते मधे. लॅपटॉप नवा आहे, चांगला आहे. ब्लूटूथ हेडफोन पण चांगल्या कंपनीचा आहे. मग काय प्रॉब्लेम आहे?

प्रॉब्लेम तुम्हीच लिहिलाय शेवटच्या आधीच्या वाक्यात. ब्लूटूथ. ब्लूटूथवरून आवाज पाठवताना तो आधी दाबून लहान करतात, पाठवतात, पलीकडे परत उलगडतात, आणि त्यात १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात, कधी त्याहून जास्त. गाणी ऐकताना कळत नाही कारण सगळंच सारखं उशिरा येतं. १२० च्या टेम्पोला एक बीट ५०० मिलिसेकंदांचं असतं आणि त्याचा चौथा भाग १२५, म्हणजे हेडफोनच तुम्हाला एक अख्खी सोळांश नोट मागे ठेवतोय. वायरचा हेडफोन लावा, कसलाही जुनापाना चालेल.

तरी उशीर वाटला तर मग बफर बघा. कॉम्प्युटर आवाज एक एक थेंब न बनवता गठ्ठ्याने बनवतो, त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर साइझ. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद, २५६ चा जेमतेम ६, १२८ चा ३. आवाज हवेतून एक मीटर जायला ३ मिलिसेकंद घेतो, त्यामुळे ६ म्हणजे स्पीकरपासून दोन मीटरवर बसल्यासारखं, कुणाला कळत नाही. वर ड्रायव्हरचे थोडे मिलिसेकंद वाढतात पण तरी वाजवायला ठीक असतं. मग कायम १२८ च का नको ठेवायला? कारण गठ्ठा लहान असला की कॉम्प्युटरची धावपळ वाढते आणि तडतड आवाज यायला लागतो. म्हणून वाजवताना बफर लहान, नंतर मिक्स करायला बसलात की १०२४, तेव्हा उशिराने काही फरक पडत नाही.

विंडोज असेल तर अजून एक, ऑडिओ सेटिंगमध्ये एएसआयओ ड्रायव्हर निवडा, त्याने उशीर कमी होतो. इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा असतोच, नसेल तर एएसआयओफोरऑल नावाचा फुकटचा आहे. मॅकवाल्यांना हे काही करायला लागत नाही.

प्रश्न: कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच, उघडा. विंडोज असेल तर ट्रॅक्शनचं वेव्हफॉर्म फ्री, लिनक्सवर पण चालतं. एलएमएमएस पण फुकट आणि ओपन सोर्स. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. एफएल स्टुडिओची ट्रायल सगळं करू देते पण सेव्ह केलेलं प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय परत उघडू देत नाही, हे आधी माहीत असू दे नाहीतर रडायची वेळ येते. आणि कीबोर्डच्या खोक्यात आलेला कागद फेकला नाही ना? बऱ्याच कीबोर्डबरोबर एबल्टन लाइव्ह लाइट किंवा तसलं काही येतं, त्याचा कोड त्या कागदावर असतो.

यातलं कुठलंही चालेल. सॉफ्टवेअरवरून भांडणारे लोक गाणी कमी करतात असं माझं निरीक्षण आहे.

प्रश्न: मी ड्रम्स आणि बेस प्रोग्रॅम केलेत, सगळं बीटवर परफेक्ट आहे, क्वांटाइझ केलंय (नोटा आपोआप बीटवर सरकवल्यात), पण ऐकायला मेलेलं वाटतं. महागाचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले तयार आवाज) घ्यायला हवेत का?

नको, नको. सॅम्पलचा दोष क्वचित असतो. तुझ्या पट्ट्यांचे रंग बघ एकदा, बहुतेक सगळ्या एकाच रंगाच्या असतील, म्हणजे प्रत्येक नोटचा जोर १०० किंवा १२७. माउसने नोटा टाकल्या की असंच होतं, कॉम्प्युटरच्या टायपिंगच्या कीबोर्डवर वाजवलं तरी, कारण त्या कीजना जोर कळतच नाही. हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या छोट्या झांजा) घे, आठ नोटा असतील तर बीटवरच्या ९५-१०० ठेव, मधल्या ६०-७० वर आण, एखादी पार ४० वर. बाकी कशालाही हात लावू नकोस आणि ऐक.

सिंथच्या बाबतीत अजून एक भानगड आहे. मिडीत जोर लिहिलेला असतो पण त्या जोराचं काय करायचं हे वाद्य ठरवतं, आणि सिंथच्या बऱ्याच प्रीसेटमध्ये, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या आवाजांत, तो फक्त आवाज लहानमोठा करतो, काहीत तर कशालाच जोडलेला नसतो, तू कितीही आपटलंस तरी तेच. तो फिल्टरच्या कटऑफला, म्हणजे आवाज कुठून कापायचा त्या बटणाला, जोड, व्हायटल नावाचा सिंथ असेल तर वेलॉसिटी (म्हणजे जोर) लिहिलेला चौकोन माउसने ओढून कटऑफच्या गोल बटणावर सोडायचा, झालं. आता जोरात वाजवलं की आवाज उजळ होतो, हळू वाजवलं की मऊ, जसं खऱ्या वाद्याचं होतं. बेस लगेच जिवंत होईल.

आता क्वांटाइझ. ते १००% च करायला पाहिजे असं कुणी सांगितलं? बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रेंग्थ असते, ५०-६०% ठेव, म्हणजे नोट बीटच्या दिशेने अर्धी सरकते, पूर्ण चिकटत नाही, चूक झाकली जाते आणि हात दिसत राहतो. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) मात्र माझ्या मते १०० वरच बरी, निदान नाचायच्या म्युझिकमध्ये, आणि बाकीच्यांनी तिच्याभोवती थोडं हलावं. मग स्विंग, म्हणजे दर दुसरी नोट थोडी उशिरा वाजवणं. रॉजर लिन यांनी डिझाइन केलेल्या १९८८ च्या एमपीसी-६० या बीट बनवायच्या यंत्रापासून हा आकडा टक्क्यात सांगायची पद्धत रुळली, ५०% म्हणजे सरळ, ६६% म्हणजे ट्रिपलेट, तीन सारख्या भागांची चाल. पण मजा मधल्या आकड्यांत आहे. १२० च्या टेम्पोला ५४% स्विंग म्हणजे दर दुसरी सोळांश नोट फक्त १० मिलिसेकंद उशिरा. ऐकून कुणी म्हणणार नाही की स्विंग लावलाय, पण मान हलायला लागते. ५४ ते ५८ च्या मधे एक एक आकडा बदलून बघ, डोळे मिटून, घाई न करता.

आणि नोटची लांबी! सगळे जोर आणि वेळ बघतात, नोट कधी सोडली हे कुणी बघत नाही. बेसच्या नोटा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर काही जागी अर्ध्या कापून टाक, मधे शांतता येऊ दे. बेसलाइन नाचते ती बरीचशी त्या रिकाम्या जागेमुळे.

प्रश्न: प्रीसेट वापरणं चीटिंग आहे का? आणि स्वतःचा साउंड बनवायला सुरुवात कुठून करू, सिंथ उघडला की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं.

चीटिंग बिलकूल नाही. पण रोज दोनशे प्रीसेट ऐकत बसणं हे म्युझिक करणं नाही, ते चॅनेल बदलत बसणं झालं.

कॉकपिटमधल्या चारच गोष्टींकडे बघा. ऑसिलेटर, म्हणजे मूळ आवाज. सॉ-टूथ लाटेत सगळे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) असतात म्हणून ती भरगच्च करकरीत, स्क्वेअरमध्ये फक्त विषम असतात म्हणून ती पोकळ, सनईच्या घराण्यापेक्षा क्लॅरिनेटकडे झुकणारी, आणि साइनमध्ये एकच सूर, बाकी काही नाही. मग फिल्टर, तो या आवाजातून नको ते कापतो, लो-पास असेल तर वरचं. मग एन्व्हलप, आवाज किती वेळात चढतो, किती उतरतो, की दाबलेली असताना कुठे थांबतो आणि सोडल्यावर किती रेंगाळतो. आणि एलएफओ, कुठलंही बटण तालात आपोआप फिरवणारा अदृश्य हात.

आता हे करून बघा, कुठल्याही सिंथमध्ये इनिट नावाचं कोरं पॅच उघडा. सॉ लावा. लो-पास फिल्टर निम्म्याहून खाली आणा, आवाज गुदमरेल. आता एक एन्व्हलप त्या कटऑफला जोडा, अटॅक शून्य, डिके साधारण २०० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. खालच्या सप्तकात वाजवा, बेस मिळाला. तोच अटॅक एक सेकंद करा, डिके लांब, सस्टेन वर, रिलीज दोन सेकंद, मधल्या सप्तकात तीन नोटा एकत्र धरा, पॅड, म्हणजे मागे पसरणारा लांब आवाज, मिळाला. बेस आणि पॅड यांच्यात एवढाच फरक आहे, हे एकदा हाताने केलं की कॉकपिटची भीती जाते.

फुकटात व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन आहेत आणि खरंच विकतच्यांना मागे टाकतील असे आहेत. डेक्स्ड पण फुकट, तो १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ची नक्कल, पण त्यात एफएम सिंथेसिस आहे, वर सांगितलेलं चारचं गणित तिथे चालत नाही, तो नंतर उघडा. आणि शिकेपर्यंत एकच सिंथ धरा. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये चाळीस सिंथ आणि एकाचंही फिल्टर कुठे आहे ते माहीत नाही, अशी अवस्था मी फार लोकांची बघते.

एकाने याच संदर्भात विचारलंय की सूर सलग घसरवत न्यायचा, मींड घ्यायची, तर सॉफ्टवेअर सिंथवर जमते का. जमते. मिडीत पिच बेंडचे १६,३८४ टप्पे असतात, जोरासारखे १२७ नाहीत, त्यामुळे पायऱ्या जाणवत नाहीत. फक्त सिंथमध्ये बेंडची रेंज सहसा दोन सेमीटोन असते, ती वाढवून ५ किंवा ७ करा आणि व्हील हळू फिरवायचा सराव करा. दुसरा मार्ग, सिंथ मोनो (एका वेळी एकच नोट) करा, ग्लाइड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं, चालू करा, पहिली की न सोडता दुसरी दाबा.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वीचं प्रोजेक्ट उघडलं तर दोन ट्रॅक गप्प, प्लगइन सापडत नाही म्हणतोय. नोटा आहेत, आवाज गेला. काही उपाय?

मघाशी म्हटलं ना, रेकॉर्ड झाली ती संहिता, आता नटच गायब झालाय. प्लगइन, म्हणजे ते सॉफ्टवेअर वाद्य, काढून टाकलं असेल, कॉम्प्युटर बदलला असेल, ट्रायल संपली असेल. त्याच नावाचं प्लगइन परत टाकून बघा, बऱ्याचदा सेटिंगसकट परत येतं, कारण सेटिंग प्रोजेक्टमध्येच साठवलेली असते. नाहीच मिळालं तर नोटा दुसऱ्या वाद्याला द्या, तेवढ्या तरी वाचल्या.

पुढच्यासाठी मात्र एक सवय लावून घ्या, ट्रॅक पटला की तो ऑडिओमध्ये उतरवायचा. कुणी बाउन्स म्हणतं कुणी रेंडर, आणि फ्रीझ हा त्याचा तात्पुरता प्रकार. मिडी ट्रॅक खाली बंद करून ठेवायचा, पुसायचा नाही. प्रोजेक्ट संपलं की प्रत्येक ट्रॅक वेगळा २४-बिट वेव्ह फाइल म्हणून, सगळे शून्यापासून सुरू होतील असे, एका फोल्डरमध्ये, आणि फोल्डरच्या नावात टेम्पो लिहायचा. दहा वर्षांनी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकलं तरी वाजेल.

शिवाय यात दोन फायदे आयते मिळतात. प्रोसेसरवरचा भार जातो, म्हणजे ज्यांनी "चार सिंथ लावले की तडतडतं" असं लिहिलंय त्यांचं उत्तर पण हेच. आणि सिंथमध्ये पुन्हा पुन्हा बोटं घालणं थांबतं, जे मला वाटतं जास्त मोठं आहे, कारण सगळं कायम बदलता येतं हीच सॉफ्टवेअर वाद्यांची मजा आणि हीच त्यांची खोड, काहीच ठरत नाही.

प्रश्न: हेडफोनवर बेस जबरदस्त, फोनवर लावलं तर बेसच नाही. आवाज अजून वाढवला तर मास्टरचा (सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिथला) लाल दिवा लागतो.

वाढवू नका. तुमचा बेस बहुतेक शुद्ध साइनचा सब-बेस असेल, ५५ हर्ट्झच्या आसपास, आणि फोनच्या स्पीकरमधून तेवढं खालचं येतच नाही, कितीही वाढवलंत तरी. त्या ट्रॅकवर सॅच्युरेशन किंवा हलकं डिस्टॉर्शन लावा, त्याने ११०, १६५, २२० असे वरचे हार्मोनिक तयार होतात, फोन त्यातले वरचे वाजवतो आणि कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. खरंच भरून काढतो, फोनवर ऐकून बघा.

लाल दिव्याबद्दल: आतल्या ट्रॅकवर लागला तर आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडत नाही कारण आतलं गणित ३२-बिट फ्लोटमध्ये चालतं, पण मास्टरवर लागला तर बाहेर जाणारा आवाज शून्य डीबीला छाटला जातो. सगळ्या ट्रॅकचे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) एकत्र निवडून खाली ओढा, मास्टरचं टोक -६ डीबीच्या आसपास राहू दे आणि कमी वाटलं तर हेडफोनचा व्हॉल्यूम वाढवा. शेवटी कितीही फुगवलंत तरी स्पॉटिफाय वाजवताना -१४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) जवळ आणून ठेवतं, त्यामुळे आत्ता त्या शर्यतीत पडायचं कारण नाही.

प्रश्न: ८ बारचा लूप भारी होतो. पुढे काहीच होत नाही. असे तीसेक लूप पडलेत.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. १२० ला ८ बार म्हणजे १६ सेकंद, आणि तू ते इतक्या वेळा ऐकलंयस की कानाला आता दुसरं काही चालतच नाही.

अजून काही घालू नकोस, काढ. तो भरलेला लूप म्हणजे तुझ्या गाण्याचा सगळ्यात मोठा भाग आहे, सुरुवात नाही. तो टाइमलाइनवर साधारण एका मिनिटावर ठेव, मग १२ वेळा कॉपी करून आधी आणि नंतर पसरव, म्हणजे तीन मिनिटं अठ्ठावीस सेकंदांपर्यंत भरेल, आणि आता खोडरबर घेऊन बस. पहिल्या १६ बारमध्ये नुसती हाय-हॅट आणि पॅड, मग किक येऊ दे, बेस मुद्दाम उशिरा आण. मधे ८ बार किक पूर्ण काढ, ती परत आल्यावर लोक तिला ओळखतात. फिल्टरचा कटऑफ १६ बारभर हळूहळू उघडणारी ऑटोमेशनची (बटण आपोआप फिरवणारी) रेघ आख, नवीन एकही नोट न लिहिता चढ मिळतो. हे सगळं एका बैठकीत कर, वाईट झालं तरी तीन मिनिटांचं वाईट गाणं तुझ्या तीस लूपपेक्षा पुढे आहे.

प्रश्न: सॅम्पल रेट ४४.१ का ९६ किलोहर्ट्झ?

४४.१ किंवा ४८, २४-बिट. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही आणि ४४.१ मध्ये २२ पर्यंतचं सगळं मावतं. ९६ केलं की प्रोसेसरचं काम दुपटीच्या आसपास जातं आणि फाइल दुप्पट होते. काही सिंथ वरच्या सप्तकात ४४.१ ला थोडे खरखरीत वाजतात हे खरंय, पण त्यासाठी सिंथच्याच सेटिंगमध्ये ओव्हरसॅम्पलिंग किंवा क्वालिटी नावाचं बटण बऱ्याचदा असतं, ते वाढवा आणि प्रोजेक्टला हात लावू नका.